एक पौंड अकरा औंस

शुक्रवारी पहाटे पाच पन्नासला
मेलेल्या माणसाच्या अंगणात मी रांगेत उभी असते.
नंबराची चिठ्ठी मिळते. आज सातवा.
सुपीरियर सरोवरावरून येणारा वारा
थर्मासच्या झाकणातली कॉफी
ओठांपर्यंत पोचायच्या आत गार करतो.

दार उघडलं की आर्लो पळतो रेकॉर्डांकडे,
लिंडक्विस्ट बंधू तळघरात, हत्यारांवर.
नवखे काचेच्या कपाटापुढे दाटी करतात,
सोनेरी काठाच्या बशा उलट्या करून शिक्के वाचतात.
वाचोत बापडे.
त्या बशा आता कुणालाच नकोत,
ज्यांच्यासाठी जपल्या त्या लेकींनासुद्धा.

मी सरळ स्वयंपाकघरात.
सगळ्यात खालचा खण.
तिथे झाकणं असतात.

हे कळायला मला दोन वर्षं आणि
गॅरेजभर भंगार लागलं:
अख्ख्या वस्तूला गिऱ्हाईक नसतं,
हरवलेल्या तुकड्याला असतं.
प्रोजेक्टर पडून राहतो, त्याचा दिवा जातो.
मिक्सर पाच डॉलरला कुणी उचलत नाही,
पण त्याच्या रबरी कड्यासाठी
टेक्ससमधली एक बाई रात्री दोनला मला विनवते,
जावयासमोर सूप सांडलं म्हणते.

आणि भाव बघायचा तो विकल्या गेलेल्या मालाचा.
मागितलेला भाव काय, कुणीही लिहील.
टपाल वजा, साइटचं कमिशन वजा,
खोका, फुग्यांचा कागद, पेट्रोल वजा,
माझे गुडघे धरतच नाही मी हिशेबात,
तरीही उरलं, तर उचलायचं.
टॉइवो होता तेव्हा म्हणायचा,
व्हर्ना, तू माणसालाही उलटं करून शिक्का बघशील.
बघितला होताच की.

काल, प्रॉक्टरच्या त्या पिवळ्या घरात,
वरच्या खोलीत, पलंगाखाली
एक खोका. न उघडलेला.
चिकटपट्टी माझी.
पट्टीचं टोक दुमडायची खोड माझी,
पुढच्याला नखाने शोधत बसावं लागू नये म्हणून.
पत्ता माझ्या अक्षरात:
एमेट गस्टाफसन.

सहा वर्षांपूर्वीचं मासेमारीचं रीळ.
तीन डॉलरला घेतलं होतं, गंजासकट.
शेवटच्या अकरा सेकंदांत
दोघांनी एकमेकांना चढवत चौऱ्याऐंशीवर नेलं,
आणि मी सिंकपाशी एकटीच ओरडले होते.
तो जिंकणारा हा.
वीस मैलांवर. सांगितलं असतं तर
हातात नेऊन दिलं असतं, टपाल वाचलं असतं.

रीळ नकोच होतं का त्याला?
ते अकरा सेकंद तेवढे हवे होते?
पलंगाखाली असे आणखी तेरा खोके होते,
दुसऱ्यांच्या अक्षरांतले, तसेच बंद.
त्यांना मी हात लावला नाही.
ज्यांचे त्यांना सापडोत.

पैशांच्या पेटीपाशी त्याची भाची.
ते होय? दोन डॉलर द्या. आहे काय त्यात?
मासे पकडायचं रीळ असावं, म्हणाले.
तुम्हाला कसं कळलं?
वजनावरून, म्हणाले.

घरी आणून काट्यावर ठेवलं.
एक पौंड अकरा औंस.
लेबलावरही तेच छापलेलं.
आत माझी चिठ्ठी असणार,
तेव्हा सगळ्यांना एकच लिहायचे मी:
आभारी आहे, भरपूर मासे मिळोत.

तसल्या रिळाचा परवाचा विकलेला भाव एकशे दहा.
फोटोसाठी उघडावं लागेल.
पट्टीचं टोक दुमडलेलंच आहे, सहज निघेल.
खिडकीपाशी उजेडही बरा आहे आत्ता.

ते टोक चिमटीत धरून
मी कधीची बसले आहे.